लालबागची खोली आणि बोंबलांचा वास

माझ्या वडिलांना दोन गोष्टींचा फार अभिमान होता. एक पोलिसातली नोकरी आणि दुसरी लालबागची खोली. नोकरी त्यांनी स्वतः मिळवलेली, खोली आजोबांची. आजोबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. त्यांनी पागडी भरून ती खोली घेतली, तेव्हा गावी घरोघर नारळ वाटले होते म्हणे. पोलीस लाइनीत बिऱ्हाड मिळत असतानाही बाबा चाळ सोडायला तयार नव्हते. "लाइनीतली खोली सरकारची. नोकरी संपली की चला बाहेर. ही आपली," असं ते म्हणायचे. आपली म्हणजे तीही भाड्याचीच. पण भाडं भरत राहिलं की कुणी हलवत नसे, आणि सोडायची वेळ आलीच तर पागडीचे पैसे आपल्याला मिळत, त्यातला वाटा मालकाला. आमच्यासारख्यांचं मुंबईत याहून जास्त आपलं असं काही नसायचं.

घर चालायचं ते मात्र आईच्या खानावळीवर. शिपायाचा पगार महिना संपायच्या आत संपायचा. आमच्या गावचे, बायकापोरं कोकणात ठेवून गिरणीत राबणारे लोक आमच्याकडे जेवायला यायचे. पहिल्या पाळीचे वेगळे, दुसऱ्या पाळीचे वेगळे. प्रत्येकाचं स्वतःचं पितळी ताट आमच्याकडे ठेवलेलं असायचं, त्यावर त्याचं नाव कोरलेलं. आईला लिहितावाचता येत नव्हतं, पण कुठलं ताट कुणाचं हे ती पोच्यावरून आणि काठावरून अचूक ओळखायची. मोरीशेजारी त्या ताटांची चळत असायची. चळत उंच असली की आई खुशीत असायची.

आमची खोली जिन्याला लागून. त्यामुळे मजल्यावर येणारा जाणारा प्रत्येकजण आमच्या दारावरून जाणार, आणि गॅलरीतली पहिली दोरीही आमची. त्या दोरीवर बाबांचा ड्रेस वाळत असायचा. निळा जाड कोट, निळी हाफ पँट. पिवळी टोपी ते स्वतः पुसायचे, त्या टोपीला आईनं हात लावलेला त्यांना चालायचा नाही. संध्याकाळी गॅलरीत बसून बाबा गप्पा हाणायचे. "आज कोटात होतो. बड्या साहेबाची गाडी आपण सोडली." बाबा रोजच कोटात, म्हणजे फोर्टात, असायचे. त्यांचं ऐकलं तर कोट त्यांच्याच भरवशावर उभा होता. शेजारच्या काकी तांदूळ निवडता निवडता म्हणायच्या, "भावोजी, तुमी नसाल तर साहेबाचा कसा होतला?" बाबांना ती थट्टा कळायची नाही. किंवा कळायची आणि आवडायची.

काकी आणि आई म्हणजे एका घरच्यासारख्या. आमचं मीठ संपलं की त्यांच्याकडून, त्यांची कोथिंबीर संपली की आमच्याकडून. मधली भिंत इतकी पातळ, की आईनं इकडून हाक मारली की काकी तिकडून ओ द्यायच्या, कुणीच दारापर्यंत जायचं नाही.

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. आमची चाळ अख्खी चळवळीत होती, आणि खरं सांगायचं तर बाबाही होते. ड्रेस उतरवला की ते गॅलरीत तावातावानं बोलायचे, मुंबई महाराष्ट्राचीच, कोण घेतो बघू. सकाळी तोच ड्रेस चढवून बंदोबस्ताला जायचे. यात काही विचित्र आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. त्या हिवाळ्यात गोळीबार झाला. कोटात झाला, गिरणगावात झाला. माणसं गेली. काकींचा मुलगा कोटातल्या मोर्चातून परत आला तो दोघांच्या आधारानं, उजवा हात कोपरात मोडलेला. साच्यावर काम करणाऱ्या माणसाचा उजवा हात.

काकी आमच्या दारात उभ्या राहिल्या. केस सुटलेले, पदर खांद्यावर नाही. "तुझ्या घोवान माझ्या झिलाचो हात मोडल्यान," त्या आईला म्हणाल्या. आई कढईत उलथणं तसंच धरून उभी राहिली. काकी आल्या पावली परत गेल्या आणि त्यानंतर मधल्या भिंतीतून ओ आली नाही.

मग सुरू झालं. बाबा जिना चढायला लागले की वरून कुणीतरी शिट्टी मारायचं. नळावर बायका आमची कळशी सरकवून मागे ठेवायच्या, आणि आई पुढे करायला गेली की कुणी भांडायचंही नाही. नुसत्या बघत राहायच्या. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. संक्रांतीला हळदीकुंकवाला एकही बोलावणं आलं नाही. आणि मग ताटं जायला लागली. गाववाले एकेक करून दारात यायचे, खाली बघत म्हणायचे, "वैनी, माजा ताट देवा." एकानं चार दिवसांचे पैसेही आधीच दिलेले होते, ते परत मागितले नाहीत, फक्त ताट मागितलं. आई चळतीतून बरोब्बर त्याचं ताट काढायची, पुसायची आणि द्यायची. शेवटी मोरीशेजारी फक्त आमची घरची ताटं उरली.

एका सकाळी दोरीवरच्या ड्रेसवर कुणीतरी चुलीतली राख पाण्यात कालवून ओतली. आईनं ड्रेस पुन्हा धुतला आणि त्या दिवसापासून तो आत, आजोबांच्या खाटेच्या वर दोरी बांधून वाळत घालायला लागली. आजोबा तेव्हा अंथरुणालाच खिळले होते. कापसाची धूळ खाऊन खाऊन त्यांची छाती गेलेली. ते पडल्या पडल्या नाक वर करून म्हणाले, "सूनबाई, बोंबील भाजतंस काय गो?"

बोंबील कुठले? महिनाअखेर होती, घरात डाळ सुद्धा मोजून होती. आई हसली नाही. तिनं ड्रेसच्या बाहीला नाक लावलं. मीही लावलं. दोनदा धुऊनही त्या जाड निळ्या कापडात सुक्या बोंबलांचा वास बसला होता. समुद्रकाठच्या बाईला तो वास ओळखायला वेळ लागत नाही. आई म्हणाली, "हे तर किती दिवस येतंय." तिला आधीपासून माहीत होतं.

बाबा आले तेव्हा तिनं विचारलं. आधी ते रागावले, मग खाली बसले, मग बोलले. गोळीबाराच्या त्या सगळ्या दिवसांत बाबा कोटात नव्हतेच. त्यांना कफ परेडला, बड्या लोकांच्या बंगल्यांच्या मागच्या अंगाला, समुद्राच्या बाजूनं कुणी येऊ नये म्हणून बसवलं होतं. समोर कोळ्यांची वस्ती, होड्या, आणि बांबूंवर वाळत घातलेले बोंबील. दिवसभर कुणी आलं नाही. कावळे आले. दुपारी एक कोळीण त्यांना म्हणाली, बसलायस तर जरा कावळे हाकल की रे बाबा, आणि आमच्या बाबांनी सरकारी काठीनं कावळे हाकलले.

मला हसू फुटलं. आईनं माझ्याकडे असं बघितलं की ते तिथंच मेलं.

"मग सांगा ना हे," आई म्हणाली. "आत्ता जा, काकींच्या दारात उभे रहा आणि सांगा."

"काय सांगू? पोरं गोळ्या खात होती आणि मी बोंबील राखत होतो?"

"होय. हेच सांगा. मूग गिळून बसलात म्हणून आमची ही गत झाली."

बाबांनी टोपी काढून मांडीवर घेतली. मग म्हणाले, "मी नव्हतो म्हटलं, म्हणजे माझ्याबरोबरचे होते असं म्हटल्यासारखं होतं. ते पण आपलीच माणसं आहेत. आणि तूही कुठं बोलायचं नाहीस. माझी शप्पथ आहे तुला."

ही शपथ आमच्या घरात फार मोठी. नवऱ्याची शपथ आईनं मोडणं शक्य नव्हतं. आज मला वाटतं, त्यांच्या बोलण्यात निम्मा सच्चेपणा होता आणि निम्मा नुसता तोरा. कोटात गाड्या सोडणारा माणूस कावळे हाकलत होता, हे चाळीनं ऐकलेलं त्यांना सोसलं नसतं. त्या तोऱ्यावर माझा अजून राग आहे. ड्रेस बाहेर पहिल्या दोरीवर वाळत राहिला असता, तर आज ना उद्या जिन्यानं जाणाऱ्या कुणाला तरी तो वास आला असता आणि कुणाला काही सांगावंच लागलं नसतं. पण राख टाकणाऱ्यानं तीही सोय ठेवली नाही.

खानावळ बंद, आजोबांचं औषध चालू. वाण्यानं आधी उधारी थांबवली आणि मग मागायला माणूस पाठवला. आईनं पाटल्या मोडल्या, त्याही पुरल्या नाहीत. शेवटी बाबांनी नायगावच्या पोलीस लाइनीत बिऱ्हाडासाठी अर्ज केला आणि खोलीला गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली. गिऱ्हाईक मिळालं, करी रोडच्या गिरणीतला एक कारकून. आमची घाई त्याला कळली होती आणि त्यानं तिचा पुरता फायदा घेतला. मालकाच्या भाडं वसुलणाऱ्या मेहत्यानंही आपला वाटा जरा जास्तच कापला. बाबा पोलीस असून दोघांपुढे काही बोलू शकले नाहीत. कारकुनाची बायको खोली बघायला आली, तेव्हा चुलीवरची काळी पडलेली भिंत बघून म्हणाली, "रंग लावायला लागेल." आई तिला म्हणाली, "हो, लावून घ्या." ती भिंत काळी करायला आईची बारा-तेरा वर्षं गेली होती.

भाड्याची पावती आजोबांच्या नावावर. त्यांनी अंगठा द्यायचा होता. बाबांना वाटलं ते नाही म्हणतील. त्यांनी मुकाट्यानं अंगठा दिला आणि बोटाची शाई लुगड्याच्या चिंधीला पुसत राहिले. शाई निघाल्यावरही पुसत राहिले.

निघालो त्या दिवशी हातगाडीवर सामान चढवताना गॅलरी भरलेली होती, पण कुणी खाली उतरलं नाही. काकींचं दार बंद होतं. आईनं त्या बंद दाराकडे बघून हात जोडले. मला तिचा भयंकर राग आला.

नायगावात सगळ्यांच्याच दोरीवर निळे ड्रेस. इथं कुणी शिट्टी मारत नव्हतं, कळशी सरकवत नव्हतं. सुटलो असं बाबा म्हणायचे. आजोबा मात्र पहाटे जागे व्हायचे आणि म्हणायचे, "ह्यो भोंगो आमचो न्हय." त्यांच्या गिरणीचा भोंगा त्यांना नायगावात ओळखू यायचा नाही. त्यानंतर ते फार दिवस जगले नाहीत.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी बाबा बंदोबस्ताला होते, आणि या वेळी खरंच कोटात. आईनं मला नवा परकर नेसवला, पेढ्यांचा पुडा घेतला आणि म्हणाली, "चल, लालबागला." चालत अर्ध्या तासाची वाट, पण एवढ्या वर्षांत आम्ही एकदाही गेलो नव्हतो. चाळीला पताका, तोरणं, गॅलरीभर पणत्या मांडून ठेवलेल्या. आमच्या खोलीला पोपटी रंग दिलेला होता. काकींनी दार उघडलं, आईला बघितलं आणि हाताला धरून आत घेतलं. चहा टाकला. त्यांचा मुलगा खाटेवर बसला होता. हात वाकडाच जुळला होता. गिरणी सुटली होती, कोपऱ्यावर पानाची गादी टाकली होती त्यानं.

चहा झाल्यावर आईच्यानं राहवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिनं नवऱ्याची शपथ मोडली. कफ परेड, बोंबील, कावळे, सगळं सांगितलं. काकी पदर तोंडाशी धरून ऐकत राहिल्या. मुलगा जमिनीकडे बघत होता.

"मला माहीत होतं," तो आईला म्हणाला. "ज्यानं मारलं त्याचं तोंड मी बघितलेलं. ते आपले काका नव्हते."

"मग बोललास का नाय रे तेव्हा?" काकीच ओरडल्या.

"कुणाला बोलू? हात गेला माझा. जो मारून गेला तो कुठं सापडणार होता? राग काढायला हे जिन्यावर तरी भेटायचे रोज." थोडं थांबून म्हणाला, "मला वाटलं, चार दिवस चालेल आणि थांबेल. खोली विकून जाल असं वाटलं नव्हतं."

मधल्या भिंतीपलीकडे कारकुनाच्या बायकोनं स्टो पेटवला, त्याचा आवाज इकडे स्पष्ट येत होता. आईनं सवयीनं त्या भिंतीकडे तोंड केलं, ओठ उघडले आणि मिटले.

रात्री बाबा घरी आले ते गुलालानं लाल होऊन, अगदी खुशीत. टोपी पुसता पुसता म्हणाले, "काय म्हणतात चाळीतले?"

"विचारत होते," आई म्हणाली, "भावोजी अजून कोटातच असतात काय."

बाबा हसले. पुढे ते निवृत्त झाले, लाइनीतली खोली सोडायला लागली, आणि फंडाच्या पैशात मुंबईत साधी मोरीही मिळेना. गावी जायला निघाले तेव्हा सामानात तो जुना ड्रेस नव्हता, तो परत करायचा असतो. आईनं आदल्या दिवशी धुऊन वाळत घातला होता, बाहेर, सगळ्यांसारखा. वाळल्यावर घडी घालायच्या आधी तिनं बाहीला नाक लावलं. मी विचारलं, बोंबलांचा वास येतो का अजून. "नाही येत आता," ती म्हणाली, आणि तो ड्रेस तोंडावर धरून रडली.