काचेच्या पेटीतल्या सात गोगलगायी

बालवाडीच्या बाई तशा पहिल्यापासूनच संशयी. खडू संपला तरी म्हणायच्या, कुणीतरी पळवला. पण मुलांवर त्यांचा भारी जीव. पोरं अंगणात दिसेल तो किडा चिरडतात, हे बघून त्यांनी खिडकीत काचेची पेटी ठेवली आणि तीत सात गोगलगायी पाळल्या. मुलं पाळीपाळीने कोबीचं पान घालायची, बोटांनी हळूच पाणी शिंपडायची.

सोमवारी सात होत्या. बुधवारी पाचच भरल्या.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. पहिला संशय झाडलोट करणाऱ्या मावशींवर.

"मावशी, कचऱ्यात तर नाही ना गेल्या?"

"मला काय करायच्यात त्या?" मावशी फणकारल्या.

मग बाईंची नजर वर्गातल्या पिटुकलीवर गेली. चार वर्षांची, खाली मान घालून बसणारी. दोन दिवस तिची एक मूठ कायम झाकलेली. बाईंना राहवेना. सगळ्या वर्गासमोर त्यांनी तिचं दप्तर उपडं केलं. एक मोजा, अर्धं बिस्किट.

"मूठ उघड."

आत घामेजलेलं बटण होतं, आईच्या स्वेटरचं.

"मग लपवल्यास कुठे?" बाई बोलून गेल्या. पोरगी रडली नाही. नुसती मागे सरकली.

दुसऱ्या दिवसापासून वर्गाचा नूरच पालटला. "बाई, हा मुंगी मारणार आहे!" "बाई, हिने खिशात काहीतरी घातलं!" जो तो दुसऱ्यावर डोळा ठेवून. आपल्यावर आळ नको म्हणून पेटीकडे कुणी फिरकेना. कोबीचं पान सुकून गेलं. 

शुक्रवारी मावशींनी कपाटामागची बादली हलवली आणि ओरडल्या, "बाई, या बघा तुमच्या दोघी!"

ओल्या भिंतीला दोन्ही गोगलगायी चिकटलेल्या. पेटीवरच्या जाळीचा एक कोपरा सैल होता. जाळी बाईंनीच बसवली होती.

बाई सगळ्यांदेखत पिटुकलीसमोर गुडघ्यांवर बसल्या. "चुकलं माझं, बाळा. उगाच आळ घेतला तुझ्यावर."

"परत दप्तर बघणार?"

"नाही."

"खरंच?"

"अगदी खरं."

तरी तिने दप्तर पाठीमागे सरकवलंच.

पुढचे कितीतरी दिवस ती पेटीजवळ आली नाही. मग एका सकाळी, बाई फळ्यावर चित्र काढत असताना, मागे जाळी किंचित करकरली. पान आत सरकल्याचा आवाज आला. बाईंना वळून बघायची फार इच्छा झाली. त्या चित्र काढत राहिल्या.