गाडी ओढणाऱ्याच्या मागे

त्या रविवारी मी अनसिंगला नणंदेकडे साखरपुड्याला गेले होते. पंगत बसत होती आणि जऊळक्याहून शेजारच्या विमलचा फोन आला. "सुमनताई, दादा दार उघडून नाही राह्यले. आमी आवाज देऊन देऊन थकलो." मी ताट तसंच ठेवून निघाले. घरी पोचेपर्यंत लोकांनी कडी तोडली होती. दादा मागच्या खोलीत खुर्चीवर बसलेला, मान जराशी कललेली, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. समोर स्टुलावर पाण्याचा पेला आणि मोडलेली भाकर. ती त्याने स्वतः थापली होती, हे तिच्या जाड, चिरलेल्या कडांवरून लगेच कळत होतं. एरवी रविवारची भाकर मीच करून द्यायचे... नेमकी त्याच दिवशी मी नव्हते.

माझा थोरला भाऊ परसराम जऊळका स्टेशनपासून दुकानांपर्यंत दोन चाकांच्या हातगाडीवर पोती वाहायचा. वहिनी लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. मीही एकटी पडल्यावर त्याच्या शेजारच्या घरात येऊन राहिले. आणि दादा मॉर्मन होता, म्हणजे ख्रिस्ती लोकांतल्या एका अमेरिकन पंथाचा. हा शब्द गावात कोणाला धड उच्चारता आला नाही, त्यामुळे लोक त्याला 'चहा न पिणारे दादा' म्हणत. त्यांच्या पंथात चहा चालत नाही. आमच्याकडे चहाला नाही म्हणणं म्हणजे घरादाराला नाही म्हणणं. सुरुवातीला मीही तोंड फुगवलं, मग निमूटपणे लिंबाचं सरबत करायला लागले. महिन्यातल्या एका रविवारी त्याचा उपास असायचा, तोही पाण्याच्या घोटाशिवाय. साबुदाण्याची खिचडी नसलेला उपास बघून मला त्याची फार कीव यायची.

तरुणपणी तो कामाला हैदराबादला गेला आणि तिथल्या बाजारात हातगाडी ओढू लागला. एकदा पांढऱ्या सदऱ्यातल्या दोन परदेशी पोरांनी त्याला थांबवून एक चित्र दाखवलं. बर्फाच्या वाटेवरून माणसं हातगाड्या ओढत चालली आहेत, गाडीवर सगळा संसार, पुढे नवरा ओढतोय, मागून बायको ढकलतेय. देवाबिवाचं तो नंतर शिकला. आधी तो त्या गाडीपाशी थांबला. सुट्टीवर आला तेव्हा चित्र पुढ्यात ठेवून मला म्हणाला, "सुमे, हे आपलेच लोक हायेत."

मी म्हटलं, "आपले लोक अमेरिकेत कवा गेले होते रे? आपला आजा इंझोरीच्या पलीकडं गेला नाही."

तो रागावला नाही. त्या पंथाचा इतिहास त्याने मला इतक्यांदा सांगितला की मला तो घरातल्या गोष्टीसारखा पाठ झाला. अमेरिकेतल्या एका खेड्यात हे सगळं सुरू झालं. शेजाऱ्यांनी त्यांना हुसकावलं, पुन्हा हुसकावलं, मग हे लोक पश्चिमेकडे डोंगरांपलीकडे चालत गेले. पुढे दुसऱ्या देशांतूनही माणसं बोटीने यायची आणि गाड्या ओढत तिथंच जाऊन मिळायची. काही वाटेतच मेली. आणि कितीतरी वर्षांनी वरून सांगणं आलं की आता कोणी इकडे येऊ नका; जो जिथं आहे त्याने तिथंच राहून पंथ उभा करावा. आपला धर्म जगाचा झाला तो असा, हे ते लोक मानतात. ज्या गावात जो पहिला, तो त्याच वाटेवरचा, मग त्याने बर्फ पाहिलेला असो वा नसो.

दादाने हे शब्दशः घेतलं. हैदराबादेत त्यांची चांगली मंडळी जमत होती, गाणं होतं, सोबत होती. ती सोडून तो जऊळक्याला आला. हैदराबादच्या प्रमुखाच्या परवानगीने दर रविवारी मागच्या खोलीत भाकर मोडून प्रार्थना करायचा. खोलीत खुर्च्या चार मांडायचा. तीन रिकाम्या राहायच्या. मी दाराबाहेर उंबऱ्याला टेकून तांदूळ निवडत बसायची, कारण त्याचं झालं की आम्ही सोबत जेवायचो. गावकऱ्यांना तो आवडायचा, त्याच्या गोष्टी लोक ऐकायचे, पण आत कोणी आलं नाही. केस पिकले तरी खुर्च्या चारच.

एकदा माझ्याने राहवलं नाही. "दादा, पहिला म्हनायले मांगं दुसरा तं पाह्यजे. तुह्या मांगं कोन हाय?"

तो रिकाम्या खुर्च्या भिंतीला लावू लागला. मग म्हणाला, "गाडी वढनाऱ्याले मांगं पाहता येत नाही, सुमे."

बोलला ठामपणे, पण त्याचा चेहरा पडला होता. ते मला अजून टोचतं. त्याला कोणीतरी मागे हवं होतं, एवढंच हवं होतं.

हैदराबादच्या मंडळीतली दोन माणसं दुसऱ्या दिवशी आली, तोवर आम्ही त्याला अग्नी देऊन मोकळे झालो होतो. त्यांच्यात पुरतात म्हणे. अंगणात उभं राहून त्यांनी एक गाणं म्हटलं. निघताना एकाने हळूच विचारलं, इथं आता आणखी कोण आहे? मी 'कोणी नाही' म्हणून मान हलवली. चहा विचारायला तोंड उघडलं आणि मग लिंबू शोधायला आत गेले...

हातगाडी मात्र स्टेशनजवळच्या कडुलिंबाखाली साखळीने बांधलेली राहिली, शनिवारी त्याने लावली तशीच. परवा विमलच्या नवऱ्याला घेऊन मी ती आणायला गेले. दांड्या त्याच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेल्या आहेत, एका जागी तर लाकूड खोलगट झालंय. स्टेशनपासून आमच्या गल्लीपर्यंत चढ आहे. बाजारातून गाडी घेऊन येताना दादा त्या चढावर दोनदा थांबून दम घ्यायचा आणि मी पिशवी सांभाळत बाजूने चालायची. मी काही त्यांच्यातली नाही, होणारही नाही. चढ लागला तशी मी पदर खोचला आणि मागून गाडीला दोन्ही हात लावले.

"ताई, रिकामी तं हाय गाडी. तुमी कायले ढकलून राह्यल्या?" पुढे ओढणारा विमलचा नवरा वळून म्हणाला.

"तू वढ," मी म्हटलं. "मांगं नको पाहू."