मोरगावच्या वाटेवर चुकलेली टाळी

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि माझी श्रद्धाही लंगडायला लागली. लासुर्ण्याच्या भजनी मंडळात उभा जन्म पखवाज वाजवलेला माणूस. देवानं नेमका त्याचाच हात का धरावा? डॉक्टर म्हणाले, आत्ता हलवत राहिले तर सुधारेल, नाहीतर हात कायमचा गेला. आबांनी ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. बोलता येत होतं, तरी बोलेनात. भजन लावलं की डोळे मिटून घेत. मी त्यांना बारामतीला माझ्याकडे आणलं, पण तिथेही भिंत होतीच.

आत्या म्हणाली, "मोरगावच्या गणपतीला नवस बोल. आन् लई आवडती वस्तू सोड." गोड सोडावं तर ते मधुमेहानं आधीच सोडवलेलं. उरली माझी इंग्रजी गाणी. माझ्या औषधाच्या दुकानात दिवसभर सोल आणि रॉक असलं परदेशी संगीत चालतं, खोकल्याचं औषध घेता घेता गिऱ्हाईक विचारतं, "कोण वरडतंय?" त्यातली एक गायिका माझी फार लाडकी. आधी ती विनवणी केल्यासारखी हळू गाते, मागच्या बायका टाळ्या वाजवत तिचीच ओळ धरतात, आणि शब्द पुरेनासे झाले की ती नुसती हाक मारते. ती हाक आली की मी गोळ्या मोजता मोजता थांबते. एका रॉकवाल्याची गिटार सुराच्या खालून ओढत ओढत वर चढते, तेव्हा माझाही जीव तिच्यामागून चढतो. आबांचा हात हलला तर हे सगळं बंद, असा नवस मी बोलले. खोटं कशाला सांगू, बोलताना जीव तुटला.

गर्दी नको म्हणून चतुर्थी टाळून आबांना गाडीत शेजारी बसवलं आणि निघाले. त्यांच्यासाठी फोनवर आरत्या लावल्या. मोरगावच्या अलीकडे शेळ्यांचा कळप आडवा आला. मी ब्रेक दाबला आणि फोन उडाला तो थेट सीटखाली. तेवढ्यात आरत्या संपल्या आणि पुढे माझी लाडकी सुरू झाली! फोन हाताला लागेना, शेळ्या हलेनात. त्यांचा म्हातारा मालक खिडकीशी येऊन उभा राहिला.

"कुठलं भजन हाय ह्ये?"

"लांबचं हाय, तात्या," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

"झ्याक हाय," म्हणत त्यानं गाण्यातल्या बायकांबरोबर टाळ्या धरल्या.

आणि शेजारून जडावलेला आवाज आला, "चुकतंय."

मी वळून बघितलं. आबा म्हाताऱ्याकडे बघून म्हणाले, "टाळी समेवर पायजे. ह्या बाया सम सोडून मारत्यात, आन् तुमी बी त्येंच्या नादाला लागलाय!"

"मग कशी मारू? दावा की."

आबांनी डाव्या हातानं मांडीवर सम दिली. म्हातारा पुन्हा चुकला. पुन्हा दिली, तो पुन्हा चुकला. शेवटी आबा इतके संतापले की त्यांनी उजवा हात उचलला. बोटभरच असेल, पण उचलला. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. डोळे पुसून बघते तर शेळ्याही नाहीत आणि म्हाताराही नाही. त्याला नमस्कार करायचा राहूनच गेला.

गाभाऱ्यापुढे मी पेचात पडले. ज्या गाण्यानं हात हलला, तेच सोडायचं? पण देवाशी घासाघीस करवेना. "बाप्पा, सोडली," एवढंच म्हणाले आणि कधी नव्हे इतकं हलकं वाटलं. बाहेर येऊन आबांना नवस सांगितला.

"तू सोडलीस. म्या कुठं सोडली?" आबा म्हणाले. "लाव. त्या बायांना सम शिकवल्याबिगर म्या मरत न्हाय."

आता घरात ते गाणं आबांच्या व्यायामासाठी लागतं. मी स्वतःसाठी काही लावत नाही; फक्त त्यांच्याजवळ बसते. आपण मनापासून सोडलेलं देव ठेवून घेतोच असं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आबांची मूठ अजून नीट वळत नाही. पण रोज सकाळी ते त्या बायकांवर चिडून हात उचलतात, आणि त्यातल्या एकीचीही टाळी अजून सुधारलेली नाही, याबद्दल मी देवाचे मनापासून आभार मानते.