बाबांचा कान

बाबा बस डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याजवळ हातभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, होता आणि जवळपास गेलेले दोन कान. पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, की आतली कुरबुर कळते. त्यांना ती कळेना, तेव्हा मूठ माझ्या कानाला आली. लहानपणी मी त्यांना कामगारांच्या सभांची पत्रकं मोठ्यानं वाचून दाखवायचे, त्यातच अक्षरं शिकले. आता इंजिन वाचून दाखवू लागले. घरात याहून मोठा मान नव्हता.

मागच्या हिवाळ्यात आमची जुनी, कार्बोरेटरवाली गाडी बिघडली. रस्त्यावर नीट पळायची. गिअर काढून उभी केली की थरथरायची, मिसिंग मारायची, म्हणजे मधेच ठोका चुकवायची, आणि बंद पडायची. दुसऱ्या दिवशी मालेगावच्या बाजारात आमच्या महिला मंडळाची, मी लिहिलेली पत्रकं वाटायची होती. मागच्या सीटवर गठ्ठा तयार होता. वरच माझं वाक्य: ‘सून घरातली पाहुणी नाही, बरोबरीची हक्कदार आहे.’

“काय आयकू येते?” बाबांनी विचारलं. “मले तं कार्बोरेटर वाटते.”

मला काहीच उमगलं नव्हतं. “कार्बोरेटरच,” मी म्हणाले.

बाबांनी अर्धा दिवस घालवून कार्बोरेटर खोलला, धुतला, बसवला. गाडी तशीच थरथरत राहिली.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. दादाची बायको, किन्हीराजा गावची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. कप ठेवता ठेवता ती थांबली आणि बाबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“मामाजी, हे कुठून तरी हवा ओढून राह्यली.”

“तुले कसं समजलं?”

“आमच्या वावरातलं इंजन असंच करे. पाण्याच्या पाइपाले चीर गेली का हवा ओढून धापा टाके.”

बाबांनी पेचकस पुढे केला. तिच्याकडे. माझ्या हातात चहा होता, तो मी कोमट होईपर्यंत धरून ठेवला. वहिनीनं पेचकस नाकारला. वाकून एकेका नळीवर बोटं फिरवली आणि एका रबरी नळीच्या बेचक्यात अंगठा दाबला. इंजिन एकसारखं चालू लागलं. अंगठा काढला, पुन्हा थरथर.

“ताई, पत्रक मंग वाटजा,” ती हसत म्हणाली, “आधी सायकलची जुनी ट्यूब पाहा.”

ट्यूब मीच शोधून दिली. तिनं पट्टी कापून नळीवर आवळून बांधली. बाबा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “शाब्बास लेकी!” माझ्या पत्रकातली मागणी माझ्याच अंगणात मान्य झाली होती, आणि मलाच ती सोसवत नव्हती. दुसऱ्या दिवशी बाजारात ते वाक्य मी एकदाही मोठ्यानं म्हटलं नाही.

महिन्याभरानं वहिनी माहेरी गेलेली असताना गाडी पुन्हा थरथरली. बाबांनी मूठ माझ्या कानाला लावली.

“काय म्हणते?”

या वेळी ‘कार्बोरेटर’ म्हणणं सोपं होतं. नळीची पट्टी तर घट्ट होती.

“मले नाही समजत, बाबा. त्या दिवशीही समजलं नव्हतं.”

त्यांनी मूठ माझ्या कानापासून काढून घेतली. रागावले असते तर बरं झालं असतं.

“मंग वहिनीले फोन लाव.”

मी लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ताई, फोन जरा इंजनाजवळ धरजा.”

मी वाकून फोन धरला. हात भरून आला तरी धरून राहिले. बाबा शेजारी उभे होते, आणि माझ्याकडे नाही, फोनकडे बघत होते.