चौथीच्या वर्गातले मीटरकाका

वीज कंपनीतून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना सगळी वस्ती मीटरकाका म्हणते. उभा जन्म त्यांनी लोकांच्या जिन्याखाली वाकून मीटरचे आकडे टिपण्यात घालवला. त्यामुळे कुठेही गेले की आधी भिंतीकडे बघायचं आणि मग माणसाकडे, ही सवय त्यांना लागली. भिंतीत काही वावगं दिसलं की ते बोलून दाखवत. माणसात दिसलं तरी बोलून दाखवत.

या स्वभावाला खरा वाव मिळाला तो शाळेमुळे. वस्तीतली शाळा सरकारी चाचणीत कायम तळाला असायची. ती बंद करून मुलांना हमरस्त्यापलीकडच्या शाळेत पाठवावं, असं शिक्षण खात्याच्या मनात होतं. लोकांनी खेटे घातले तेव्हा खात्याने सवलत दिली: चाचणी तूर्त बाजूला ठेवू, शाळा कशी चाललीय ते तुम्हीच बघा आणि आम्हाला सांगा. वस्तीने पाहणी मंडळ नेमलं. पहिल्या बैठकीत तक्रारींचा इतका पाऊस पडला की मुख्याध्यापिकांनी शांतपणे एक नियम सुचवला. जो उणीव दाखवेल, त्यानेच ती दूर करायला हातभार लावायचा. नियम एकमताने मंजूर झाला. दुसऱ्या बैठकीला शाळेत एकही उणीव उरली नव्हती.

अपवाद मीटरकाकांचा. फाटक करकरतं म्हणाले आणि तेलाची बुधली घेऊन गेले. बाकांचे खिळे वर आलेत म्हणाले आणि सगळे ठोकून आले, स्वतःच्या अंगठ्यासकट.

"घरातला पंखा गेल्या उन्हाळ्यापासून खडखडतोय," काकू म्हणाल्या. "तो शाळेत नेऊन टांगा, म्हणजे दुरुस्त होईल."

सहामाहीची पाहणी आली. सवलत चालू ठेवायची की शाळा बंद करायची, हे त्याच दिवशी ठरायचं होतं. इकडे काका-काकूंची मुलगी परगावी बाळंत झाली होती. पाहणीच्या दुसऱ्या दिवशी दोघांनी तिच्याकडे जायचं, चांगलं महिनाभर राहायचं, असं काकूंनी पक्कं केलं होतं.

"नातवाचं तोंड बघायचं असेल तर स्वतःचं बंद ठेवा," त्यांनी बजावलं. काकांनी मान डोलावली.

शाळेच्या व्हरांड्यात खात्याच्या मॅडम, मंडळ आणि वस्ती जमली. चौथीतली एक मुलगी वाचून दाखवायला उठली.

"पाठ केलेलं नको हं," मंडळाचे अध्यक्ष शिंपीदादा म्हणाले. "समोर दिसेल ते वाच."

समोर पाण्याच्या टाकीवर शाळेने सूचना चिकटवली होती. मुलीने ती कुठेही न अडखळता खणखणीत वाचली: टाकीत औषध टाकले आहे, आज हे पाणी कोणीही पिऊ नये. टाळ्या पडल्या. मुलगी टाकीपाशी गेली, तिने नळ सोडला आणि ओंजळ तोंडाकडे नेली.

मुख्याध्यापिकांनी धावत जाऊन तिचा हात खाली ओढला. मंडळ छपराकडे बघू लागलं.

"तहान लागली असेल," शिंपीदादा म्हणाले.

"वाचन मात्र स्वच्छ आहे," किराणावाल्या वहिनींनी दुजोरा दिला.

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "म्हणजे उणीव नाही, असंच लिहू? मग आमची चाचणीच बरी. निदान ती कुणाला भीत नाही."

काकू काकांकडे बघत होत्या. काका टाकीकडे बघत होते.

"मुलांना वाचता येतं," काका म्हणाले. "वाचलेलं कळत नाही. ही एकटीच नाही. चौथीत बाक ठोकत होतो तेव्हा सगळ्यांचं ऐकलंय. गाडी धडाधड जाते, स्टेशन एकही घेत नाही."

"खरं आहे," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "मलाही दिसत होतं."

"मग बोलला का नाहीत?" मॅडमनी विचारलं.

"नियम मलाही लागू आहे. दोन वर्ग आधीच माझ्या गळ्यात आहेत."

मॅडमनी हे सगळं लिहून घेतलं आणि सवलत पुढे चालू ठेवली. मंडळाला डोळे आहेत, एवढंच कारण त्यांनी दिलं. शिंपीदादांनी मंडळाच्या वतीने आभार मानले.

दुसऱ्या दिवशी काकू एकट्याच गेल्या. नियमाप्रमाणे काका मागे राहिले. तेव्हापासून रोज सकाळी ते चौथीच्या वर्गात बसू लागले. एकाने परिच्छेद वाचायचा, मग काका विचारणार, काय झालं?

"तुम्ही पण ऐकलंत ना?" एका मुलाने विचारलं. "मग आम्हाला काय विचारताय?"

एका संध्याकाळी काकूंनी फोनवर बाळ दाखवलं. काकांनी फोन डोळ्यांजवळ धरला.

"टोपी डोळ्यांवर आलीय त्याच्या," ते म्हणाले.

"मग या आणि वर करा," काकू म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

सकाळी काकांनी फळ्यावर लिहिलं: मी चार दिवस गावाला जात आहे, तोपर्यंत पुढचा धडा वाचून ठेवावा. टाकीवाल्या मुलीने ते खणखणीत वाचलं.

"काय समजलं?"

मुलीने आधी फळ्याकडे बघितलं, मग काकांकडे.

"काकू रागावल्यात."

"असं कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाहीये," ती म्हणाली. "पण रागावल्यात ना?"

काकांनी तिला खाली बसायला सांगितलं आणि दुपारची गाडी गाठायला घरी गेले.