कार्डावरच्या दोन रेषा

मंदा सिस्टर नसत्या तर मी केव्हाच हिंगोलीच्या गाडीत बसले असते. आठवीतून शाळा सुटलेली, घर इतकं लांब, आणि पेणच्या रामवाडीतल्या एका मॅटर्निटी होममध्ये आया म्हणून लागून जेमतेम महिना झाला होता.

वडखळजवळच्या मिठागरावरची कविता दर आठवड्याला सासूबरोबर तपासणीसाठी रक्त द्यायला यायची. तिला द्राक्षगर्भ झाला होता. म्हणजे दिवस जातात, पण बाळ धरत नाही. नुसती वार वेडीवाकडी वाढते, द्राक्षाच्या घडासारखी. आमच्या डॉक्टर मॅडमनी पिशवी साफ केली होती. पण वारेचा कण जरी मागं राहिला तरी तो पुन्हा वाढू शकतो. म्हणून रक्तातला हार्मोन खाली येईपर्यंत मोजत राहायचा, आणि मॅडम हो म्हणेपर्यंत दिवस जाऊ द्यायचे नाहीत.

हे मला नंतर कळलं. त्या दिवशी सासू एवढंच म्हणाली, "हिची पाळी नाय आली गो अजून." पाळी चुकली की लघवीला डबी द्यायची, हे मला पाठ. दिली. कार्डावर थेंब टाकले. दोन ठळक रेषा!

कार्ड सिस्टरला दाखवायचं, पेशंटला नाही, असा नियम. पण इथं आल्यापासून चांगली बातमी सांगायची पाळी माझ्यावर आलीच नव्हती. मी ओरडलेच, "काकी, पॉझिटिव्ह!"

सासूनं देवाला आणलेला नारळ माझ्या हातात ठेवला. "आता सुई कशाला?" म्हणत सुनेला घेऊन रोह्याला निघाली, तिच्या माहेरी सांगायला.

मॅडमनी विचारलं, "कविताचं सॅम्पल?"

"रोह्याला गेलं."

"कुठल्या लॅबला?"

"माहेरी."

सगळं ऐकून मॅडमनी कपाळाला हात लावला. "अगं, तो जुनाच हार्मोन! आता ती तपासायला येणार नाही, आणि आत काही वाढत असलं तर? कुणी सांगितलं तिला?"

मंदा सिस्टर म्हणाल्या, "चूक माझी, मॅडम. पोरीला मीच नीट शिकवलं नाय. जाते, घेऊन येते रक्त."

ड्युटी संपली होती, गुडघे दुखत होते. तरी त्या मला घेऊन एसटीत बसल्या. मी मांडीवर नारळ घेऊन.

रोह्याच्या घरात पेढे वाटणं चालू होतं. कोपऱ्यात कविताचा नवरा, कंपनीतून शिफ्ट करून आलेला, मान खाली घालून बसला होता. कविताची आई त्याला झापत होती, "जावईबापू, डॉक्टरीणबाईंनी थांबा म्हणून सांगितलं व्हतं ना?"

सिस्टर सासूकडे वळल्या. "काकी, मिठागरात पाणी घ्यायचं बंद केलं की लगेच वाळतं काय?"

"छे! दिवस लागतात."

"तसंच हाय. जुनं उरलेलं कार्डाला दिसलं. नवीन काय नाय."

सासूनं हातातला पेढा खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हंजे वाळलं का नाय, ते बघत राहायला पायजे."

नवरा उसळलाच, "मघापासून तेच सांगतोय, मी काय केलं नाय!"

सगळं घर हसलं. कविताही. मग डोळे पुसत तिनं हात पुढं केला. "घ्या सिस्टर. त्या दोन रेषा बघून मीच जास्त घाबरले व्हते."

हार्मोनचा आकडा मागच्यापेक्षा खाली आला. आणखी काही आठवड्यांनी पार उतरला. नारळ सासूनं परत घेतलाच नाही.

आता मी कार्ड उलटं धरून सिस्टरकडे नेते. त्यांचे उपकार कसे फेडू विचारलं, तर म्हणाल्या, "तोंड बंद ठेवायला शिक, फिटले." ते काही मला जमायचं नाही. पण एक दिवस त्यांना हिंगोलीला नेऊन आईच्या हातची भाकरी खाऊ घालणार, हे नक्की.