आत्या कुठल्या खुंटीला?

घरात तिला लहानपणापासून 'चौकशी' म्हणत. ढग कुणाच्या मालकीचे, सावली पाण्यात पडली तरी ओली का होत नाही, असलं काहीबाही विचारून पोरीनं सगळ्यांचं डोकं खाल्लेलं. पुढं पगारही तिला डोकं खाण्याचाच मिळाला, फक्त आता डोकं मशीनचं होतं. टोपणनाव मागोमाग ऑफिसात आलं.

काम सांगायला सोपं. एकीकडं शब्दांचा साठा, एका अर्थाचे शब्द एका जुडीत बांधलेले. दुसरीकडं जगाचा आराखडा. त्यात वस्तू, जीव, घटना, गुण अशा खुंट्या आणि प्रत्येक खुंटीचे कडक नियम. जुडी बरोबर खुंटीला अडकवली, की मशीनला नुसता शब्द नाही, शब्दामागचं जग कळतं. चुकीच्या खुंटीला अडकवली, की ते बिनदिक्कत येड्यासारखं बोलतं.

चौकशीच्या वाट्याला नात्यागोत्याचे शब्द आले होते. कित्येक महिने खपून तिनं ते 'माणूस' या खुंटीखाली ओळीनं लावले. आई हा माणसाचा एक प्रकार, नवरी दुसरा, बायको तिसरा. दिसायला कसं झकास!

त्या दुपारी तपासणी सुरू झाली आणि मशीनचा पडदा चुकांच्या खुणांनी लालेलाल झाला.

आराखडा बांधणारा शेजारीच बसायचा. वाद घालायची खोड, म्हणून त्याला सगळे 'तर्कट' म्हणत. मशीननं काढलेले निष्कर्ष तो मोठ्यानं वाचू लागला, "नवरी कधीही बायको होऊ शकत नाही. पाहुणा मरेपर्यंत पाहुणाच राहतो."

"हे दुसरं आमच्या मामाला लागू आहे," चौकशी म्हणाली. सगळे खिदळले. तिच्या तोंडचं पाणी मात्र पळालं होतं.

"बरोबरच बोलतंय ते," तर्कट म्हणाला. "मांजराचं उद्या कुत्रं होतं का? प्रकार म्हटला की प्रकार. बदलायचा नाही."

तेवढ्यात साहेब आले. पाठीमागं त्यांना 'मुकादम' म्हणत. "संध्याकाळी काम पुढं पाठवायचंय. नातीगोती भांडत असतील तर सरळ काढून टाका."

"काढून टाका? म्हणजे मशीन जगात जाणार, आणि आई कशाला म्हणतात ते त्याला ठाऊक नसणार?"

"राहू दे अनाथ. उशीर नको."

चौकशीनं दात-ओठ खाऊन एक जुडी इकडं, एक तिकडं केली. लाल तसंच. मग फोन थरथरला. दादा होता.

"आत्या झालीस गं! मुलगी!"

"काय सांगतोस! वहिनी कशी आहे?"

"दोघी ठणठणीत. तू काय करतेयस?"

"काही नाही, खुर्चीवर बसलेय."

खुर्चीवर बसलेय! जन्मलं कोण, कळा कुणी सोसल्या, आणि इथं बसल्या जागी ही आत्या! अंगावरचा केससुद्धा हलला नाही.

"दादा, फोन ठेव!"

"अगं, पोरीचा आवाज तरी…"

"ठेव म्हणते ना!" ती ताडकन उठली. "तर्कट, आत्या हा माणसाचा प्रकार नाहीच! ती भूमिका आहे. नात्याचं दुसरं टोक जन्माला आलं की मी आत्या, तोवर नुसती मी. नवरी तशीच, पाहुणाही तसाच!"

"भूमिकेची खुंटी आहे की आराखड्यात. केव्हाची रिकामी आहे."

"मग तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस?"

"तू विचारलं कुठं? म्हणे चौकशी!"

दोघं तुटून पडले. ती जुडी उचलून नव्या खुंटीला लावी, तो तिची दोन टोकं बांधी, कोण आणि कुणाची. मुकादम घड्याळ सोडून पडद्याकडं बघत उभे. लाल विरत गेलं, विरत गेलं आणि संपलं. चौकशीनं विचारलं, नवरी बायको होऊ शकते का? मशीन म्हणालं, हो.

"चला, लागलं लग्न एकदाचं," मुकादम म्हणाले. "पाठवा नात्यागोत्यासकट!"

ती धावतच दवाखान्यात पोचली. दादा फुगून बसलेला. "आपटलास ना फोन?"

"अरे, तुझ्या पोरीनं डोळे उघडायच्या आत माझं काम केलं! तुला बाप केलं, बाबांना आजोबा, आणि मशीनला शहाणं!"

"आधी हात धूऽ," आई ओरडली.

हात धुऊन तिनं पोरीला घेतलं. मूठभर जीव, पण सगळ्या घराला नव्या जागा वाटून मोकळा. कोपऱ्यात मामा बसले होते, कधीकाळी घरी चार दिवसांसाठी आलेले, ते राहिलेलेच.

"मामा, पाहुणा आता पाहुणा न राहता घरात राहू शकतो बरं का. मशीननं मान्य केलंय."

मामांचा चेहरा पडला. "म्हणजे चहा आता मीच आणायचा?"